यशवंतपूरची चवली

पहाटेचे चार. यशवंतपूरच्या बाजार समितीच्या आवारात तुम्ही उभे आहात आणि पायाखाली कांद्याची सालं चुरचुरताहेत. नोव्हेंबर २०२५. हवेत बंगळुरूचा ओळखीचा गारवा आहे, स्वेटर घातला तर उकडतं आणि काढला तर शहारे येतात असा. लोणंदहून निघालेला एक ट्रक आत्ताच मागे घेऊन लावलाय. हमालांनी फाळका पाडला आणि लाल जाळीच्या गोण्या एकेक करून पाठीवर चढायला लागल्या.

ड्रायव्हर खाली उतरतो, कंबर मागे वाकवून आळस देतो. तुम्ही फोनवर मराठीत बोलताय हे ऐकून जवळ येतो.

"दादा, आपल्याकडचंच दिसताय. चहा कुठं मिळंल हितं?"

चहा कोपऱ्यावरच मिळतो. एका हातात पेला धरून तो दुसऱ्या हातानं मोबाइल तुमच्यापुढे करतो. रात्रभर फास्टॅगमधून कापलेल्या पैशांचे मेसेज आहेत. तासवडे, किणी, कोगनोळी, हत्तरगी, हिरेबागेवाडी, आणि पुढे कर्नाटकातले आणखी कितीतरी. त्याचा अंगठा सरकत राहतो आणि यादी काही संपत नाही.

"टोलाचं मी काय म्हणत नाही. रस्ता चांगला हाय, टायर वाचत्यात. पण डिझेलमधी बी रस्त्याचं पैसं कापत्यात म्हणं. मग एकाच रस्त्याला पैसं किती येळा द्यायचं?"

या शहरात नोंदलेल्या गाड्या आता एक कोटीच्या वर गेल्यात. शहर तुमकूरकडे, होसूरकडे, विमानतळाकडे रोज थोडं थोडं सरकतंय, आणि सरकलेल्या प्रत्येक मैलाला रस्ता, रूळ, बस असं काहीतरी लागतंच. त्याचे पैसे कुणी द्यायचे, कधी द्यायचे आणि किती वेळा, हा ड्रायव्हरचा प्रश्न यशवंतपुरातच विचारावा असा आहे. मुंबईहून येणारा महामार्ग, रेल्वेचं जंक्शन, मेट्रो, बसचं संकुल आणि हा बाजार इथे एकमेकांना खेटून आहेत, आणि प्रत्येकाचा खर्च वेगळ्या खिशातून आलाय.

तुमच्या खिशात हात घाला. चहाला सुटे म्हणून ठेवलेलं दहा रुपयांचं नाणं तिथे असायला हवं. बोटांना वेगळंच काहीतरी लागतं. चौकोनी, पण टोकं गोल केलेली. बाहेर काढून चहाच्या दिव्याखाली धरा. एका बाजूला पंचम जॉर्जचा मुखवटा आहे, दुसऱ्या बाजूला साल: १९२९. ही चवली. दोन आणे.

दिवा विझलेला नाही, पण तो आता रॉकेलचा आहे.

तुमकूर रस्ता तुमच्यासमोरच आहे, मात्र खडी आणि मातीचा. दोन्ही बाजूंना झाडं आहेत आणि मधल्या चाकोऱ्या इतक्या खोल की अमृतमहाल बैलांची जोडी त्यातून बाहेर पडताना मान हिसडते. पलीकडे एक मोटार-सर्व्हिसची बस थांबलीय. टप पत्र्याचा, बाजू उघड्या. ड्रायव्हर टाकीच्या तोंडात नरसाळं धरून उभा आहे, नरसाळ्यात मऊ कातड्याचा फडका घातलाय, आणि पोरगा दोन गॅलनच्या पत्र्याच्या डब्यातून त्यात पेट्रोल ओततोय. एक थेंब बाहेर पडला तरी ड्रायव्हर त्याच्याकडे बघतो.

तो मराठी बोलतो. तुम्हाला आश्चर्य वाटलं तर त्याला तुमच्या आश्चर्याचं आश्चर्य वाटतं. "आम्ही इथलेच की, पेठेतले." शहाजीराजांना बंगळूरची जहागीर मिळाली ती १६३८ च्या सुमारास. तेव्हापासून मराठी बोलणारी घराणी या गावात आहेत आणि त्यांची मराठी आता कानडीच्या चालीवर चालते.

"गॅलनमागं दोन आणे चढले, साहेब. रस्त्यासाठी म्हणतात."

"मग?"

"मग काय. रस्ता झाला तर स्प्रिंगा वाचतील. एका स्प्रिंगेत माझे कितीतरी दोन आणे निघाले."

हे दोन आणे कुठून आले ते आपल्या माणसांनी लक्षात ठेवण्यासारखं आहे. नोव्हेंबर १९२७ मध्ये केंद्र सरकारनं देशातल्या रस्त्यांचा विचार करायला समिती नेमली आणि तिचे अध्यक्ष होते बॅरिस्टर मुकुंदराव जयकर, पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले तेच. विद्यापीठातल्या जयकर ग्रंथालयात बसून परीक्षांचा अभ्यास केलेल्या किती जणांना ठाऊक असेल की भारतातल्या रस्त्यांसाठी इंधनावर कर लावायची वाट याच माणसाच्या समितीनं आखली! समितीचं म्हणणं असं की रस्ते बांधणं आता लोकल बोर्डांच्या आणि प्रांतांच्या ताकदीबाहेर गेलंय. मोटारी वाढताहेत, त्या रस्ता वापरतात आणि झिजवतात, तेव्हा त्यांच्या पेट्रोलवर जादा कर घ्या, आणि तो सरकारच्या सर्वसाधारण तिजोरीत मिसळू न देता वेगळा ठेवा. वर्ष संपलं म्हणून त्यातली शिल्लक बुडता कामा नये. सरकारनं ते मानलं. गॅलनमागचा कर चार आण्यांचा सहा आणे झाला, आणि वरच्या दोन आण्यांचा १९२९ मध्ये केंद्रीय रस्ते निधी उभा राहिला. पेट्रोल जिथे जितकं खपतं त्या प्रमाणात प्रांतांना वाटा मिळू लागला आणि संस्थानांनाही. म्हणून म्हैसूर संस्थानातल्या या रस्त्यावर पेट्रोल ओतणाऱ्या माणसाची चवली निदान हिशेबात तरी त्याच्याच रस्त्याकडे परत येणार होती.

मला या चवलीचं फार कौतुक वाटतं. ती लहान आहे. जो जितका रस्ता वापरतो तितकी ती देतो, आणि कशासाठी देतो ते त्याला ठाऊक आहे. स्प्रिंगेशी तिची तुलना त्यानं स्वतःच केली. जो माणूस कराची तुलना आपल्या स्प्रिंगेशी करू शकतो त्याला कर डोईजड होत नाही.

चवलीचा वंश पुढे वाढला. १९९८-९९ मध्ये पेट्रोल आणि डिझेलवर लिटरमागे एक रुपया उपकर बसला, २००० मध्ये केंद्रीय रस्ते निधीचा कायदा झाला, आणि त्या पैशाच्या आधारावर सुवर्ण चतुष्कोनाचं काम झालं; मुंबई ते चेन्नई हा यशवंतपूरवरून जाणारा रस्ता त्याचीच एक बाजू. पण रस्ता घाईनं हवा होता आणि रुपयाचा ओघ पुरणारा नव्हता, म्हणून कर्ज आलं, खासगी बांधकामदार आले, त्यांच्या परताव्यासाठी टोलनाके आले. २०१८ मध्ये निधीच्या नावात रस्त्याबरोबर पायाभूत सुविधा हा शब्द घातला गेला, आणि पैसा जलमार्गांपासून इतर अनेक कामांपर्यंत जायला मोकळा झाला. कामं वाईट नाहीत. मात्र लोणंदच्या ड्रायव्हरला आता स्प्रिंगेचा हिशेब घालता येत नाही. डिझेलमधले पैसे कुठे जातात ते त्याला दिसत नाही, आणि टोलाचे तेवढे मोबाइलवर वाजतात.

पुन्हा खिशात हात घाला. आता नाणं जड लागतं. चांदीचा रुपया, राणी व्हिक्टोरियाचा.

रुळांच्या कडेला उभे आहात तुम्ही. मीटर गेजचे रूळ, दोन रुळांत जेमतेम एका लांब ढांगेचं अंतर. साल १८९३. हिंदुपूरकडे जाणारा फाटा नुकताच सुरू झालाय, आणि तुमकूरकडे जाणाऱ्या जुन्या रुळांना तो इथेच मिळतो म्हणून यशवंतपूर आता जंक्शन आहे. आजूबाजूला शेतं, दूरवर एक तळं. शहर अजून खूप लांब, मल्लेश्वरमची वसाहतसुद्धा व्हायचीय. खोलीत टेबलाशी एक कारकून वर्तमानपत्र वाचतोय. दिव्याच्या काचेवर तीन इंग्रजी अक्षरं आहेत: एस. एम. आर. सदर्न मराठा रेल्वे. कंपनीचं मुख्य ठाणं धारवाडला, आणि कारकूनही तिकडचाच.

"या, बसा. गाडीला अवकाश आहे." तो पेपर घडी करून ठेवतो. "पौंड पाहिलात कुठे गेला? सोळा रुपये पडायला लागले पौंडाला."

धारवाडच्या कारकुनाला लंडनच्या पौंडाशी काय करायचंय, असं तुम्हाला वाटेल. त्यासाठी रुळांचा जन्म ठाऊक हवा. १८७६ ते ७८ या दोन वर्षांच्या दुष्काळात म्हैसूर संस्थानातली सुमारे दहा लाख माणसं गेली. इतर ठिकाणी धान्य होतं, ते माणसांपर्यंत पोचवायला साधन नव्हतं. त्या दुष्काळातून रेल्वेची निकड लोकांच्या हाडात शिरली. बंगळूर-म्हैसूर मार्ग १८८२ मध्ये पुरा झाला. इकडे तुमकूरकडचे रूळ १८८४ मध्ये पडले. सुरुवातीला संस्थान हे सगळं आपल्या उत्पन्नातून करत होतं, आणि त्याच उत्पन्नातून दरसाल साडेचोवीस लाख रुपये इंग्रज सरकारला खंडणी म्हणून जात होते. पैसा संपला. तुमकूरच्या पुढे गुब्बी, आणि तिथून हरिहरपर्यंतचं काम अडून राहिलं. शेषाद्री अय्यर दिवाण होते. १८८६ मध्ये संस्थानानं आपले तयार रूळ सदर्न मराठा रेल्वे कंपनीकडे गहाण टाकले. त्या तारणावर कंपनीनं लंडनमध्ये चार टक्के व्याजानं १२ लाख २४ हजार पौंड उभे केले. झालेल्या कामाचे पैसे संस्थानाला मिळाले, उरलेला मार्ग हरिहरला जाऊन पोचला. १८८९ मध्ये इथून हुबळी-धारवाडकडे आणि वर्षभरात पुण्याकडे वाट मोकळी झाली.

आता त्या कारकुनाच्या पौंडाचा हिशेब तुम्हीच करा. व्याज दरसाल साधारण ४९ हजार पौंड. कर्ज काढलं तेव्हा पौंड पावणेचौदा रुपयांच्या आसपास होता, म्हणजे व्याज पावणेसात लाखांच्या घरात. आज, १८९३ मध्ये, चांदी घसरलीय, पौंड सोळावर गेलाय आणि तेच व्याज पावणेआठ लाखांवर गेलंय. रुळांत एक इंचाची भर पडली नाही, गाडीत एक प्रवासी वाढला नाही, तरी खर्च लाखानं वाढला. कमाई रुपयात आणि देणं पौंडात असलं की असं होतं.

"तिकीट वाढवतील का हो?" तुम्ही विचारता.

कारकून खण उघडतो आणि जाड पुठ्ठ्याचं, बोटभर लांबीचं एक तिकीट काढून तुमच्या तळहातावर ठेवतो. "तिसऱ्या वर्गाचा गिऱ्हाईक हा. ह्याला वाढवलं की तो चालत जाईल. मग गाडी कुणासाठी?"

दीडशे वर्षांत या विषयावर पुष्कळ अहवाल निघाले, त्यांतल्या निम्म्यांना हे एक वाक्य पुरलं असतं.

गहाण टाकणं चूक होतं असं मी म्हणणार नाही. दहा लाख माणसं गेल्यावर रेल्वेसाठी थांबणं हे पाप ठरलं असतं. आणि म्हैसूरचा सौदा मुंबईच्या मानानं पुष्कळ बरा होता. जी.आय.पी. रेल्वेला १८४९ च्या करारानं पाच टक्क्यांची हमी मिळाली होती. कमाई तेवढी झाली नाही तर तूट हिंदुस्थानच्या तिजोरीतून भरायची. बोरीबंदरहून ठाण्याला १६ एप्रिल १८५३ ला गाडी निघाली त्या दिवसाच्या तोफांचं आपण वर्णन वाचतो, आणि त्या हमीचं बिल रयतेनं किती वर्षं भरलं ते वाचत नाही. तोटा दुसऱ्यानं भरायचा ठरला की काटकसर कोण करणार? पुण्याच्या सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकात गणेश व्यंकटेश जोशींसारखी माणसं असे हिशेब मांडत होती. म्हैसूरच्या रुळांचं दुखणं वेगळं आहे. तारण ठेवले रूळ आणि फेड ठेवली रुळांच्या कमाईतून. त्या रुळांनी ज्या जमिनीची किंमत वाढवली, ज्या पेठेत धान्याचे ढीग आणले, त्यांच्याकडे कुणी काही मागितलं नाही.

ही गोष्ट मनात ठेवा, पुढे लागेल. आणि १९३८ मध्ये एका क्षणापुरते थांबा. हेच स्थानक आहे. हरिहरपर्यंतचा मार्ग कंपनीच्या हातून सुटून म्हैसूर स्टेट रेल्वेकडे परत आलाय. गहाण पडल्याला बावन्न वर्षं झाली. १८८४ मध्ये ज्यानं हे रूळ ठोकले त्याचा नातू आता कर्ता आहे.

मधली वर्षं आपण भरभर ओलांडू, पण मिरज वगळून चालणार नाही. तुमच्या खिशात आता ॲल्युमिनियमचे नागमोडी कडांचे दहा पैसे आहेत. १९७१ मध्ये पुण्याहून मिरजेपर्यंत ब्रॉडगेज आली आणि पुढे बंगळूरपर्यंत मीटर गेजच राहिली. पुण्याहून निघालेली बाई एका कडेवर पोर आणि डोक्यावर ट्रंक घेऊन मिरजेच्या फलाटावर धावतेय, कारण गाडी बदलायचीय आणि पलीकडच्या छोट्या गाडीत जागा धरायचीय. पुढे जवळजवळ पंचवीस वर्षं मिरजेनं ही धावपळ पाहिली. पैसे नाहीत म्हणून अर्धवट सोडलेल्या कामाची किंमत कुणीच कुठे लिहून ठेवत नाही. ती अशा बायकांच्या मानेवर असते.

खिशात आता चकचकीत नवं नाणं आहे, त्यावर रुपयाचं नवीन चिन्ह. २०११. तुम्ही यशवंतपूरच्या बसच्या संकुलात उभे आहात. शहराच्या बससेवेनं, बी.एम.टी.सी.नं, केंद्राच्या नागरी नूतनीकरण योजनेचा हात धरून शहरात अशी दहा संकुलं बांधायला घेतली. शांतीनगर, जयनगर, कोरमंगला, आणि हे. खाली बस लागायच्या, पोटात गाड्या ठेवायच्या, वर दुकानं आणि कार्यालयं. वरच्या मजल्यांच्या भाड्यावर खालची बस चालायची. नवा रंग, नव्या फरशा, आणि जिन्यानं वर गेलात तर मोठमोठे रिकामे दिवाणखाने. पुढे काही मजल्यांवर सरकारी कार्यालयं आली, काही ठिकाणी बाकीचे भाडेकरूही आले, पण ठरवलं होतं तेवढं भाडं या इमारतींनी बसला दिलं नाही.

कल्पना मात्र चुकीची नव्हती. आपल्याला ती मुंबईत ठाऊक आहे. बेस्टच्या बसचा तोटा कितीतरी वर्षं बेस्टच्याच विजेनं भरून काढला. दादरच्या घरातला दिवा लागला की त्यातला थोडा उजेड बसला मिळायचा. वीज कायदा २००३ मध्ये बदलला, ती सोय वादात सापडली, आणि बेस्टची दशा काय झाली ते मुंबईकर रोज बसथांब्यावर बघतो. बसला तिकिटाशिवाय दुसरा कमावता भाऊ लागतो. यशवंतपूरला तो भाऊ चौथ्या मजल्यावर बसवला, ही माझ्या मते चूक झाली. बसमधून उतरलेला माणूस घाईत असतो. त्याला वाटेवर भाजी हवी, औषधांचं दुकान हवं, मोबाइल दुरुस्त करणारा हवा. पायांच्या पातळीवर जे असतं त्याचं भाडं येतं.

आता वर बघा. डोक्यावरून मेट्रोचा पूल गेलाय आणि खिशातल्या नाण्याच्या जागी प्लॅस्टिकचं गोल टोकन आहे. १ मार्च २०१४. संपिगे रोड ते पीण्या इंडस्ट्री गाडी आज सुरू झाली. फलाटावर नुसती जत्रा. आज्या नातवंडांना घेऊन आल्यात, कुणाला कुठेच जायचं नाही. तुम्हीही बसा. गाडी मल्लेश्वरमच्या दिशेला निघते, सँडल सोप फॅक्टरीचं स्थानक येतं आणि खिडकीतून एक उंच काचेचा मनोरा आणि मॉल दिसतो. इथेच रवी किर्लोस्करांच्या किर्लोस्कर इलेक्ट्रिकचा कारखाना होता. कंपनी १९४६ ची. चाळीस एकरांच्या त्या जागेवर आता कार्यालयं, मॉल आणि शेकडो सदनिका आहेत. जमीन तीच आहे. आधी रूळ आले, मग रस्ता, मग मेट्रो, आणि दर वेळी एकराचा भाव चढला.

मेट्रोच्या पहिल्या टप्प्याला, तो ३३ किलोमीटरचा असताना, २००६ मध्ये ६,३९५ कोटी लागतील असं ठरलं होतं. पुढे तो ४२ किलोमीटरचा झाला आणि खर्च १३,८४५ कोटींवर गेला. केंद्रानं आणि राज्यानं भांडवल घातलं, आणि बाकीच्यात मोठं कर्ज आहे, त्यातलं बरंचसं जपान सरकारच्या जायका या संस्थेचं, येनमधलं. तो धारवाडचा कारकून इथे असता तर त्यानं पहिला प्रश्न विचारला असता, येन कुठे गेला? पुढच्या टप्प्यांसाठी आशियाई विकास बँक आली. यशवंतपूरवरूनच जाणाऱ्या उपनगरी रेल्वेच्या मल्लिगे मार्गाची पायाभरणी २० जून २०२२ ला झाली. चार मार्ग मिळून १४८ किलोमीटर, १५,७६७ कोटी, आणि साठ टक्के कर्ज, त्यात युरोही आहेत. कमाई रुपयांतच होणार. कर्ज स्वस्त आहे, मुदत लांब आहे, हे मान्य. पण ते शेवटी फेडायचं आहे, आणि फेडायला पहिला हात जातो तो प्रवाशाच्या खिशाकडे.

दुसरीकडे हात टाकायची वाट जगात नवी नाही. हाँगकाँगच्या एम.टी.आर.ला सरकार स्थानकाभोवतीची जमीन विकसित करायचे हक्क रेल्वे येण्याआधीच्या किमतीला देतं, आणि रेल्वे आल्यावर वाढलेल्या किमतीतून रूळ उभे राहतात. महाराष्ट्रात मुंबई, पुणे, ठाणे, नागपूर इथे एप्रिल २०२२ पासून घर घेताना मुद्रांक शुल्कावर एक टक्का मेट्रो अधिभार द्यावा लागतो. बंगळुरूनंही बांधकामाच्या परवानगीवर मेट्रोसाठी उपकर आणि जादा चटईक्षेत्राचं अधिमूल्य घ्यायला सुरुवात केली. इलेक्ट्रॉनिक्स सिटीकडे इन्फोसिस फाउंडेशननं कोनप्पन अग्रहार स्थानकासाठी २०० कोटी द्यायचं ठरवलं, आणि १० ऑगस्ट २०२५ ला तो मार्ग सुरू झाला तेव्हा स्थानकावर त्यांचं नाव होतं. हे सगळं योग्य दिशेला आहे. माझा आक्षेप वेळेचा आहे. जमिनीकडे आपण शेवटी जातो, तिकीट वाढवून झाल्यावर, किंवा भाव चढून जमीन दोनदा विकली गेल्यावर. मार्गाची रेघ नकाशावर पडते त्या दिवशी तिच्या दोन्ही बाजूंची किंमत लिहून ठेवायला हवी. नंतर घर घेणाऱ्या तरुण जोडप्याकडून एक टक्का घेणं सोपं असतं, पण खरा फायदा त्यांच्या आधीच कुणीतरी घेऊन गेलेलं असतं.

टोकन फाटकात टाका. बाहेर नोव्हेंबर २०२५ ची सकाळ आहे आणि तुमकूर रस्त्यावर गाड्यांचा घोष सुरू झालाय.

बसथांब्यावर पीण्याच्या कपडे कारखान्यात जाणाऱ्या बायका उभ्या आहेत. डब्याच्या पिशव्या, केसांत मोगरा. डोक्यावरून मेट्रो जाते, त्याच दिशेला, आणि एकीचीही मान वर होत नाही. तुमच्या मोडक्या कानडीत एकीला विचारा. ती हसते. "मेट्रो? मेट्रो ऑफिसच्या लोकांना, अण्णा." या वर्षी ९ फेब्रुवारीला मेट्रोचं भाडं वाढलं, सर्वांत लांबचं तिकीट साठचं नव्वद झालं, आणि त्या आठवड्यात रोजचे प्रवासी लाखाहून जास्त घटले. पूल तोच, गाड्या त्याच, कर्जाचा हप्ता तोच, आणि डब्यांत माणसं कमी.

बस येते. तुम्हीही चढा. कंडक्टर तिचं आधार कार्ड बघतो, मशीनमधून तिकीट फाडून देतो. ते हातात घेऊन नीट बघा. पातळ, गुळगुळीत कागद, त्यावर कुठून कुठे ते लिहिलंय आणि रकमेच्या जागी शून्य. ११ जून २०२३ पासून कर्नाटकातल्या बायकांना साध्या बसचा प्रवास फुकट आहे. पण त्या शून्यामागे खरं भाडं नोंदलेलं असतं, आणि महामंडळ अशा सगळ्या शून्यांची बेरीज करून सरकारकडे पैसे मागतं. सरकारनं ते वेळेवर दिले तर बस धावते. तुमचं तिकीट मात्र पैशांचं, आणि जानेवारीत तेही पंधरा टक्क्यांनी वाढलंय.

ती खिडकीशी बसते, तिकीट बांगड्यांत खोचते. या एका फुकट फेरीमुळे ती दोन थांबे पलीकडच्या, जरा बऱ्या पगाराच्या कारखान्यात जायला लागलीय, असं ती शेजारणीला सांगतेय. त्या कारखान्याला शिकलेली शिवणारी बाई मिळाली. कारखान्याच्या इमारतीच्या मालकाला भाडेकरू मिळाला. त्या जागेच्या मालकाला भाडं मिळालं. शून्याचं तिकीट इतक्या जणांना पोचलं आणि त्याचे पैसे फक्त सरकारच्या तिजोरीतून गेले.

गोरगुंटेपाळ्यला उतरा आणि चालत मागे या.

बाजार समितीत अकरा वाजलेत. लिलाव उरकलाय. लोणंदचा ड्रायव्हर आडत्याच्या गाळ्यासमोर उभा आहे, हातात शेतकऱ्याची पट्टी. त्यानं ती वाचायला तुमच्यापुढे धरलीय, कारण आकडे कानडीत आहेत. इतक्या गोण्या, इतकं वजन, इतका भाव. त्याखाली वजावटी: हमाली, तोलाई, भाडं. भाड्याचा आकडा सगळ्यांत मोठा.

"ह्यात टोल आलं, डिझेल आलं, सगळं आलं," तो म्हणतो. "शेतकऱ्याच्याच पट्टीतनं जातंय."

तो पट्टीची घडी करून खिशात ठेवतो, केबिनमध्ये चढतो. ट्रक मोकळा आहे, त्यामुळे वळताना फाळक्याच्या साखळ्या वाजतात. मेट्रोच्या खांबाखालून तो तुमकूर रस्त्याला लागतो. नेलमंगलाच्या अलीकडे पहिला नाका आहे.